प्राथमिक शिक्षक व्हावे काय?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आम्ही कोणी विद्वान नव्हे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत आणि त्यावर अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे, एवढेच. परंतु १९७८ ते २०१७ अशी एकोणचाळीस वर्षे बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून आम्ही मुलांस शिकविले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलणार आहोत.

विषय मंडळाच्या चिटणीसांनी दिला आहे. ते म्हणाले, की दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे ज्ञातीतील पालक मंडळाकडे विचारणा करतात. त्यांत दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला असा, की ‘मुलाला दुसरे काही जमण्यासारखे दिसत नाही, तर त्याला प्राथमिक शिक्षक करावे काय?’ आणि दुसरा असा, की ‘मुलगी चांगली हुशार आहे, तरी प्राथमिक शिक्षिकाच व्हावयाचे म्हणते, तिचे मन कसे वळवावे?’ वरवर पाहता हे दोन प्रश्न परस्परविरुद्ध आहेत. परंतु किंचित विचार केला म्हणजे ध्यानात येते, की दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. लहान मुलांस शिकविणे हे लहान काम आहे, ही ती समजूत. ती खरी आहे की खोटी, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. कारण ती खोटी ठरली, तर दोन्ही पालकांना आपापले उत्तर आपोआप मिळेल.

या कामाची थोरवी आमच्या पूर्वसूरींनी पुरती ओळखली होती. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडली, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केले, त्यातील एक भाग फारसा सांगितला जात नाही. प्राथमिक शिक्षक हा प्रशिक्षित असावा, त्याचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे आणि मोठ्या गावी ते १५ ते २० रुपये असावे, असे त्यांनी मागितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. हा शिक्षक होता होईतो शेतकरीवर्गातून यावा, लोकांत मिसळणारा असावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, असेही त्यांनी सांगितले. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच केले. राज्य चालविणाऱ्या या पुरुषांनी पहिलीच्या वर्गाला एवढे महत्त्व का द्यावे, याचा आपण विचार केला पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुष्कळांना वाटते, की ‘क’ हा कमळाचा म्हणावयाचे, मुलांनी तो दहा वेळा गिरवावयाचा, झाले. ज्याने हे केलेले नाही त्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या लिपीचाच विचार करा. ह्रस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना अक्षरानंतर. म्हणजे मुलाने डोळ्यांनी जे प्रथम पाहिले, ते तोंडाने मागून म्हणावयाचे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत शिरोरेघ जोडलेली की तुटलेली एवढाच काय तो ठळक फरक. सहा वर्षांच्या मुलाची नजर त्यावर कशी बसवावी, हे शास्त्र आहे. मूल चुकते तेव्हा ते निष्काळजी असते असे नव्हे. त्याची चूक कोठून आली हे ओळखता आले, तरच ती सुधारता येते.

अंकांचीही तीच गोष्ट. ‘पंचवीस’ म्हणताना कानाला पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात. म्हणून मूल २५ ऐवजी ५२ लिहिते. ‘एकोणतीस’ ऐकले की कित्येक मुले ३९ लिहितात. कारण कानात ‘तीस’ राहिलेला असतो आणि ‘एकोण’ म्हणजे नऊ, एवढे त्यांनी आपल्या मनाशी ताडलेले असते. ही चूक मूर्खपणाची नव्हे, ती तर्काची चूक आहे! याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाची जोड देण्यात आली. त्यावर वृत्तपत्रांतून वाद माजला आणि विधिमंडळातही चर्चा झाली. वाद घालणाऱ्यांची बाजू कोणतीही असो. दुसरीच्या वर्गातील एका अडचणीवर सारा महाराष्ट्र बोलू लागला, यावरून ती अडचण किती खोल आहे हे दिसून आले. शिक्षकाला मात्र ती दरवर्षी जून महिन्यात नव्याने सोडवावी लागते. दहा काड्यांची जुडी बांधून मुलाच्या हाती द्यावी, ‘हा एक दशक’ म्हणून सांगावे, जुडी सोडावी, पुन्हा बांधावी, आणि हे न कंटाळता करावे. ‘हातचा एक’ म्हणजे नेमके काय, हे ज्या मुलाला त्या जुडीवरून कळले, त्याला पुढे बीजगणिताची भीती वाटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आपला पिढीजात धंदा शिवणकामाचा. म्हणून आपल्याच घरातील दृष्टान्त देतो. आमचे वडील गिऱ्हाईक दारात आले की टेप हाती घेण्यापूर्वी त्याची चाल पाहत असत. एक खांदा उतरता आहे काय, पाठीला बाक आहे काय, हे त्यांनी आधीच टिपलेले असे. बाजारातला तयार कपडा सर्वांना एकाच मापाने देतात. तो कोणाला घट्ट होतो, कोणाला ढगळ. प्राथमिक शिक्षकाचे काम मापाने शिवण्याचे आहे. पाठ्यपुस्तक हे कापडाचे ठाण आहे. ते सर्वांना सारखेच मिळते. परंतु वर्गात तीस मुले असतील तर मापे तीस असतात. पुन्हा असे, की वाढत्या अंगाचे कपडे शिवताना शिंपी आत थोडी माया ठेवतो, म्हणजे पुढे टीप उसवून कपडा वाढविता येतो. मुलाच्या बुद्धीबाबतही अशी माया ठेवावी लागते. ‘हा ढ आहे’ असे एकदा म्हणून टाकले, की वाढीला जागाच राहत नाही.

या मापाचा एक अनुभव सांगतो. आमची बदली एका तांड्यावरील शाळेत झाली होती. तेथील मुलांची घरची भाषा गोरमाटी. पुस्तकात बाईचे चित्र आणि खाली ‘आई’ हा शब्द होता. एक मुलगा चित्रावर बोट ठेवून ‘याडी’ असे वाची. अक्षरे त्याने पाहिली होती की नाही, हा प्रश्न वेगळा. पण अर्थ त्याने अचूक सांगितला होता, कारण त्याच्या घरी आईला याडी म्हणतात. आम्ही फळ्यावर ‘याडी’ लिहिले, शेजारी ‘आई’ लिहिले आणि दोन्ही वाचून घेतले. त्या दिवसापासून वर्गातील मुले घरचे शब्द आणू लागली व आम्ही ते फळ्यावर मांडू लागलो. दिवाळीपर्यंत जी मुले गप्प बसत, ती बोलू लागली. बोलू लागलेले मूल वाचू लागते, हा नियमच समजा.

परंतु दिवाळीनंतर आमच्या भागात दुसरेच संकट उभे राही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की आईबाप ऊसतोडीला निघत आणि मुले त्यांच्यामागे गाडीत बसून जात. पटावर नाव असे, बाकावर मूल नसे. ती परत येत तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असे आणि अक्षरे पुसून गेलेली असत. अशा मुलांसाठी पुढे साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांचा उपयोगही झाला. तथापि आजीपाशी मूल ठेवून घ्या, म्हणून घरोघर फिरून विनविणारा शेवटी शिक्षकच असे. अशीच एक मुलगी तिसरीत असता आईबापांबरोबर गेली. एप्रिलमध्ये परतल्यावर तिचे वडील शाळेत आले. मुकादमाच्या वहीत उचलीचा आकडा लिहिलेला होता. तो या मुलीने मोठ्याने वाचला आणि तो वडिलांना तोंडी सांगितलेल्या आकड्याहून अधिक निघाला. त्यावर बोलाचाली झाली आणि आकडा दुरुस्त करण्यात आला. वडील फार बोलले नाहीत. ‘पोरीनं वाचलं, गुरुजी,’ एवढेच म्हणाले. सहा महिने ज्या मुलीला शाळा नव्हती, तिच्या मनात एकक-दशक-शतक टिकून राहिले, यापरते दुसरे वेतन आम्ही मागितले नसते.

असो. केवळ गोड बाजू सांगून तरुणांची दिशाभूल करणे हे शिक्षकाला शोभणारे नाही. म्हणून आता अडचणी सांगतो, आणि त्या नीट ऐकाव्यात अशी विनंती आहे.

पहिली अडचण मार्गाची. आमच्या वेळी शालान्त परीक्षेनंतर दोन वर्षे केली, की नोकरी मिळे. आज बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणाची पदविका, म्हणजे डी. एल. एड., करावी लागते. बी. एड. करून पहिली ते पाचवीच्या वर्गांवर जाता येईल, या समजुतीत कोणी राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने ती वाट बंद केली. पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, द्यावी लागते. पहिली ते पाचवीसाठी तिचा पहिला पेपर १५० प्रश्नांचा असतो आणि वेळ १५० मिनिटांचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे प्रत्येकी ३० प्रश्न. खुल्या वर्गाला ६० टक्के आणि राखीव वर्गांना ५५ टक्के गुण लागतात. ही परीक्षा हलकी समजू नये. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. टीईटीनंतर २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि मग गुणानुक्रमे निवड.

दुसरी अडचण प्रतीक्षेची. २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबविण्यात आली. अभियोग्यता चाचणी प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीत पाच वर्षांचे अंतर पडले. त्या पाच वर्षांत पदविका हाती असलेल्या कित्येक मुलामुलींची उमेद खचली. तेव्हा या मार्गाने जाणाऱ्याने पोटापाण्याची दुसरी सोय, मग ती शिलाई यंत्रावरची का असेना, हाताशी ठेवावी आणि पदवीचे शिक्षणही चालू ठेवावे.

तिसरी अडचण पैशाची. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. हे मानधन दरमहा ६,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये झाले. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तिचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. संसार त्यावर नीट चालतो, यात शंका नाही. मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्यांना सर्वसाधारणपणे जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही, हे लक्षात घेऊनच बचतीची आखणी करावी.

चौथी अडचण कामाच्या पसाऱ्याची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. शाळेत चार-पाच इयत्ता असतील, तर एका शिक्षकाने एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळावयाच्या. एका रांगेला गणिते घालावीत, दुसरीला वाचावयास लावावे आणि तिसरीला स्वतः शिकवावे. त्याच कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांव्यतिरिक्त अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांस देऊ नयेत असे म्हटले आहे. तरी हजेरीपट, पोषण आहाराचा हिशेब आणि माहितीचे तक्ते यांतून सुटका नाही. आता ती माहिती भ्रमणध्वनीवरून भरावयाची, एवढाच फरक.

येथे एक कटू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. ज्ञातीतील एका कुटुंबाकडे एका खासगी संस्थेने नेमणुकीसाठी मोठी रक्कम मागितल्याचे आमच्या कानी आले. कुटुंब शेत विकण्याच्या विचारात होते. आम्ही व मंडळातील दोघांनी जाऊन त्यांना थांबविले. पैसे देऊन नोकरी घेऊ नका. टीईटीतील गैरप्रकार २०२१ मध्ये उघडकीस आले आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, हे ताजे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. ज्याने खुर्ची विकत घेतली, तो मुलांना ‘खरे बोलावे’ हा धडा कोणत्या तोंडाने शिकविणार?

आता मूळ प्रश्नांकडे येतो. ज्या मुलाला दुसरे काही जमत नाही म्हणून शिक्षक करावयाचे आहे, त्याच्या पालकांना आमचे हात जोडून सांगणे आहे, की असे करू नका. बिघडलेला कपडा उसवून पुन्हा शिवता येतो; पहिलीच्या वर्षात बिघडलेले मूल उसवता येत नाही. ज्याला गोंगाटाचा त्रास होतो, ज्याला एकच गोष्ट पाचव्यांदा सांगताना राग येतो, ज्याला उद्याचा मोबदला आज हवा, त्याने दुसरा कोणताही प्रामाणिक धंदा करावा. त्यात कमीपणा नाही.

आणि जी हुशार मुलगी हेच काम मागते, तिच्या आईवडिलांना सांगणे असे, की तिचे मन वळवू नका. ‘इतके गुण घेऊन मास्तरीण होणार काय?’ हा प्रश्न घरात विचारला जातो. आम्ही उलट विचारतो, की इतके गुण नसलेल्या हाती आपण आपल्या नातवंडांची पहिली अक्षरे सोपविणार काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या काही दुसरे जमत नव्हते म्हणून लहान मुलांत गेल्या नाहीत. १९४५ मध्ये बोर्डीस बालवाडीचे काम सुरू करून पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे नेली. मुले गुरे राखतात, तर कुरणातच शाळा भरविली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही प्राथमिक शाळेतील कामाबद्दलच. बुद्धीला येथे वाव नाही, असे कोण म्हणेल?

तरीही केवळ उत्साहावर निर्णय घेऊ नये. अर्ज भरण्यापूर्वी तरुणांनी एक परीक्षा स्वतःच द्यावी. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पंधरा दिवस पहिलीच्या वर्गात बसावे. पहिले चार दिवस मौज वाटेल, पाचव्या-सहाव्या दिवशी डोके दुखेल. दहाव्या दिवशी, एखाद्या विशिष्ट मुलाला एखादे विशिष्ट अक्षर का येत नाही, हा विचार घरी जेवताना आपल्या मनात येतो काय, ते पाहावे. येत असेल, तर नि:शंकपणे अर्ज भरावा. येत नसेल, तर तेथूनच परतावे. दोन वर्षे आणि आईवडिलांचा पैसा वाचेल.

शेवटी मंडळाला तीन सूचना करतो. एक, वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मंडळ जे साह्य देते, तेच डी. एल. एड. करणाऱ्यांनाही मिळावे. दोन, मंडळाच्या वाचनालयात टीईटी व अभियोग्यता चाचणीची पुस्तके ठेवावीत आणि ज्ञातीतील निवृत्त शिक्षकांनी रविवारी तेथे बसावे; आमच्यापुरते आम्ही आजच नाव देतो. तीन, वधूवर-सूचक वहीत प्राथमिक शिक्षक वा शिक्षिका या शब्दांपुढे जो ‘साधारण’ असा शेरा लिहिण्याची प्रथा पडली आहे, ती कृपा करून बंद करावी.

बोलण्यात काही अधिकउणे झाले असल्यास ते वडीलकीच्या नात्याने पोटात घालावे. आज गौरविलेल्या सर्व विद्यार्थ्यांना उत्तम आरोग्य आणि मनाजोगते काम लाभो, अशी नामदेवरायांचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.